कट्ट्यावर कोणी थांबत नाही

प्रति,
मा. सचिव,
दिव्यांग कल्याण विभाग,
महाराष्ट्र शासन



मी साताऱ्याला राहते. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, अकरावीला आहे आणि तो ऑटिस्टिक आहे. आपल्या विभागाकडे मला एक मागणी करायची आहे. पण आधी गेल्या पावसाळ्यातली एक संध्याकाळ सांगते, म्हणजे ही मागणी कुठून आली ते कळेल.

क्लास सुटला की त्याच्या बॅचची मुलं समोरच्या कट्ट्यावर बसतात. शेजारी वडापावची गाडी आहे. त्या दिवशी तो मला म्हणाला, "आज मी त्यांच्यात जाणार आहे. तू पलीकडे थांब." मी रस्त्यापलीकडे स्कूटर लावून उभी राहिले. तो कट्ट्यापासून दोन हातांवर जाऊन थांबला. दप्तर दोन्ही खांद्यांना, दोन्ही हात दप्तराच्या पट्ट्यांवर. मुलं बोलत होती, हा ऐकत होता. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. भुरभुर पाऊस सुरू झाला तरी हा तिथेच. पंचवीस मिनिटांनी मुलं उठली, पांगली, आणि हा चष्मा पुसत माझ्याकडे आला. म्हणाला, "गॅप आलीच नाही."

मला कळायला थोडा वेळ लागला. त्याला शिकवलं होतं की घोळक्याजवळ जायचं, विषय काय चाललाय ते ऐकायचं, बोलण्यात खंड पडला की थोडं पुढे व्हायचं आणि त्याच विषयावर एक वाक्य बोलायचं. त्यानं तंतोतंत तसंच केलं होतं. पण आमच्या कट्ट्यावर खंड पडतच नाही. पाच जण एकदम बोलतात, एकाचं वाक्य दुसरा पुरं करतो, तिसऱ्याला त्याआधीच हसू फुटलेलं असतं. "सगळ्यात मोठी गॅप आली तेव्हा गाडीवाल्यानं मिरची हवी का विचारलं," असं त्यानं मला घरी येताना सांगितलं. तो मोजत होता.

पावसात पंचवीस मिनिटं पाच मुलांची वाट बघत उभ्या राहिलेल्या या मुलाला आपल्याकडच्या कागदांत 'स्वमग्न' म्हणतात. ज्यांनी हा शब्द घडवला त्यांचा हेतू वाईट नसणार. तरी तो दिसला की माझा जीव तुटतो. माझा मुलगा त्या संध्याकाळी स्वतःत मग्न नव्हता. त्या कट्ट्यावर त्याच्याइतकं मन लावून दुसऱ्यांचं ऐकणारं कोणीच नव्हतं.

बोलण्यात खंड पडायची वाट बघण्याचा तो नियम आला कुठून, तर लॉस एंजेलिसहून. तिथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एलिझाबेथ लॉगेसन आणि फ्रेड फ्रँकेल यांनी ऑटिस्टिक किशोरांसाठी 'पीअर्स' नावाचा कार्यक्रम बांधला. २०१० मध्ये त्याचं पुस्तक निघालं. चौदा आठवडे, आठवड्याला दीड तास, मुलं एका खोलीत आणि त्याच वेळी आईबाप दुसऱ्या खोलीत. बोलणं कसं सुरू करायचं, कसं संपवायचं, फोनवर काय बोलायचं, मित्राला घरी कसं बोलवायचं, कोणी चिडवलं तर काय करायचं, असं एकेक घेऊन ते शिकवतात. मला या कार्यक्रमाबद्दल आदर आहे. 'गोड बोल, सगळ्यांशी मिळून मिसळून राहा' असा मोघम उपदेश त्यात नाही. ज्या मुलांना मित्र असतात ती मुलं प्रत्यक्षात काय करतात हे बघून त्याच्या पायऱ्या ठरवलेल्या आहेत. आमच्याकडे येताना गडबड झाली ती इथेच. त्यांनी त्यांच्या मुलांकडे बघून नियम केले. आपण नियम उचलले, बघणं मात्र उचललं नाही.

हा कार्यक्रम इतर देशांतही गेलाय. कोरियात त्याची कोरियन आवृत्ती करून १२ ते १८ वर्षांच्या ४७ मुलांबरोबर ती तपासली, आणि ते संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे इस्रायल, हाँगकाँग, जपान इथेही तसंच झालं. ज्या देशात संध्याकाळचे तास शिकवण्यांत जातात किंवा घरं दोन खोल्यांची असतात, तिथे 'मित्राला शनिवारी दुपारी घरी बोलाव' हे किती जमणार? प्रत्येकाला आपल्या मुलांचं जगणं समोर ठेवून फेरफार करावे लागले आणि मग निकाल पडताळावे लागले. मराठीत असं काम कोणी हाती घेतल्याचं आम्हा पालकांपर्यंत तरी पोचलेलं नाही.

आमच्यापर्यंत पोचल्या त्या झेरॉक्स. एका मोठ्या शहरातल्या केंद्रातून आणलेल्या, इंग्रजीवरून मराठी केलेल्या. त्यातलं मुलांना पाठ करायला दिलेलं एक वाक्य असं: 'मला तुझ्या आवडींबद्दल अधिक जाणून घ्यायला आवडेल.' साहेब, साताऱ्यातला कुठला सोळा वर्षांचा पोरगा असं बोलतो? असं बोलणाऱ्याची दुसऱ्या मिनिटाला फिरकी घेतली जाते, आणि मग आम्ही त्या मुलाला 'फिरकी कशी झेलायची' याची पुढची झेरॉक्स देतो.

इथे 'काय भावा' अशी हाक येते. जवळीक फार असेल तर शिवी देऊन हाक येते. तीच शिवी भांडणातही येते. दोन्हींत फरक आवाजाचा, चेहऱ्याचा आणि कोण कोणाला देतंय याचा. आमच्या पालकांच्या गटातल्या एका मुलानं कट्ट्यावर प्रेमानं मिळालेली हाक दुसऱ्या दिवशी वर्गात सरांना मारली. तो उद्धट नव्हता. त्याला वाटलं, आवडत्या माणसाला असंच म्हणतात. आणि सर त्याचे आवडते होते.

आपली भाषाही या मुलांना किती ठिकाणी चकवते बघा. जाताना आपण 'येतो' म्हणतो. माझ्या मुलानं लहानपणी आत्याच्या दारात उभं राहून ठामपणे सांगितलं होतं, "आम्ही येत नाही, आम्ही जातोय," आणि आत्याच्या सासूबाईंचा चेहरा उतरला होता. 'काय म्हणतोस?' याला तो 'मी काहीच म्हटलं नाही' असं उत्तर द्यायचा. 'कुठं चाललास?' असं शेजारच्या काकांनी विचारलं की थांबून पूर्ण पत्ता सांगायचा, काका पुढे निघून गेलेले असले तरी. मोठ्यांना 'तुम्ही' म्हणायचं हे त्यानं एका दिवसात पक्कं केलं आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, "आजी मोठी आहे, तिला तू का? देव तर सगळ्यांत मोठा, त्याला तू का?" मला उत्तर देता आलं नाही. मी जन्मभर मराठी बोलत आलेय, पण हा नियम मला कोणी सांगितला नव्हता, तो अंगात भिनला होता. ज्यांच्या अंगात तो आपोआप भिनत नाही त्यांना शिकवायचं, तर आधी आपल्याला तो शब्दांत मांडता यायला हवा. हे काम लॉस एंजेलिसमध्ये बसून कोणी करून देणार नाही.

काही गोष्टी याहून नाजूक आहेत. 'नव्या ओळखीत समोरच्याला प्रश्न विचारा, उत्तरावर पुढचा प्रश्न विचारा' असं झेरॉक्समध्ये होतं. आमच्यातल्या एकानं नव्या वर्गमित्राला नाव विचारलं, मग आडनाव, मग मूळ गाव, मग वडील काय करतात. आपल्याकडे हे प्रश्न याच क्रमानं कोण आणि कशासाठी विचारतं, हे आपल्याला मी सांगायला नको. तो वर्गमित्र दुखावला, आणि त्याचं दुखावणं योग्यच होतं. बिचाऱ्या आमच्या मुलाला जात म्हणजे काय हेच नीट माहीत नव्हतं. त्याला आम्ही कुठला नियम द्यायचा? आडनाव विचारू नको, एवढं सांगून भागत नाही. का विचारायचं नाही हे सांगावं लागतं, आणि ते सांगणारा एकही कागद आम्हाला मिळालेला नाही.

मुलींचं तर वेगळंच आहे. आमच्या गटात पंधरा वर्षांची एक मुलगी आहे. नववीपर्यंत तिचं निदान झालं नाही, कारण ती कोणाकडे वर बघत नाही, फार बोलत नाही, सांगितलेलं ऐकते. घरात, शाळेत सगळे म्हणायचे, किती गुणी मुलगी. मोठ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बोललं की आपण मुलांना दटावतो. आणि ऑटिझमच्या प्रमाणपत्रासाठी जी भारतीय मापनपट्टी वापरतात, तिच्या ४० मुद्द्यांपैकी अगदी सुरुवातीचा मुद्दा नजर न भिडवण्याचा आहे. नजर कोणापुढे वर ठेवायची, कोणापुढे खाली, हे घराघरात वेगळं आणि मुलामुलीत वेगळं. त्या मुलीला 'मोठ्यांचं ऐकावं' हा एकच नियम घरात आणि शाळेत मिळून हजारदा शिकवलाय. 'नको' म्हणायला तिला कोणी शिकवलेलं नाही. तिची आई मला एकदा म्हणाली, "ताई, हिला उद्या कोणी काही करायला सांगितलं तर ही ते करेल." त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि 'नको' तर आपल्याकडे खरं मानतच नाहीत. पहिलं 'नको' रीतीचं, दुसरं संकोचाचं, तिसऱ्यानंतर कुठे कोणी विचार करतं. माझ्या मुलाचं 'नको' पहिल्यापासून खरं असतं. एका लग्नाच्या पंगतीत त्याच्या 'नको'वर हसत हसत जिलबी वाढली गेली आणि तो ताटावरून उठून गेला. नातेवाईक महिनाभर बोलत होते.

यावर आम्ही काय केलं ते सांगते, कारण माझी मागणी त्यातूनच आलीय. आम्ही पाच कुटुंबं दर रविवारी एका शाळेच्या वर्गात जमतो. झेरॉक्स बाजूला ठेवल्या आणि बघायला लागलो. पंगतीत बाकीची मुलं आग्रह कसा परतवतात? ती बोलतच नाहीत. ताटावर आडवा हात धरतात आणि वाढणाऱ्याकडे बघून हसतात, किंवा मान हलवतात. हात धरला की वाढणारा पुढे सरकतो. माझ्या मुलानं हात धरायचं दोन दिवसांत शिकून घेतलं. हसायची सक्ती केली नाही.

कट्ट्याचा प्रश्न अवघड होता. गटातल्या एका मुलाचा चुलतभाऊ कॉलेजात आहे. त्याला म्हटलं, बाबा रे, आठवडाभर बघ, नवीन येणारा घोळक्यात कसा शिरतो, आणि लिहून आण. त्यानं वहीच्या पाठच्या पानावर लिहून आणलं. नवीन आलेला उभ्यानं बोलत नाही. आधी म्हणतो, 'सरक की,' आणि बसतो. बसल्यावर बराच वेळ काहीच बोलत नाही, मोबाईल बघतो, खातो. कोणी त्याला 'बोल' म्हणत नाही. बोलणं आपसूक सुरू होतं किंवा होत नाही, पण तो त्यांच्यातला झालेला असतो.

म्हणजे माझा मुलगा पंचवीस मिनिटं बोलायला जागा शोधत होता, आणि तिथे आधी बसायला जागा करून घ्यायची असते. वाक्याची गरजच नव्हती. दोन शब्दांत काम होत होतं, आणि तेही असे दोन शब्द की जे कुठल्याही भाषांतरात सापडले नसते.

पुढच्या सोमवारी तो गेला, 'सरक की' म्हणाला, एक मुलगा सरकला. तीन दिवस हा मुकाट बसून होता. चौथ्या दिवशी कोणीतरी अर्धा वडापाव त्याच्या हातात दिला. पाचव्या दिवशी तो गेला नाही. म्हणाला, आवाज फार होतो. आता आठवड्यातून दोनदा जातो. जाऊन आला की तासभर दिवा बंद करून पडून राहतो. मी त्याला उठवत नाही.

तो अंधारातला एक तास मला विसरता येत नाही. आम्ही त्याला जे शिकवलं त्याची किंमत तो दर वेळी मोजतो आणि पलीकडचे पाच जण काहीच मोजत नाहीत. डेमियन मिल्टन या ब्रिटिश संशोधकानं, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, २०१२ मध्ये एक साधी गोष्ट मांडली. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही असं म्हणतात, पण इतरांना तरी ऑटिस्टिक माणसाचं मन कुठे कळतं? न कळणं दोन्हीकडून आहे. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये हे एका खेळातून तपासलं. आपण कानगोष्टी खेळतो तसाच खेळ, आठ-आठ जणांच्या साखळ्या करून. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट जितकी टिकली, तितकीच ती एकही ऑटिस्टिक नसलेल्या साखळीत टिकली. जिथे दोघांची मिसळ होती तिथे मात्र ती लवकर गळाली. हे वाचलं त्या दिवशी मला आमचा रविवारचा वर्ग आठवला. ती पाच मुलं एकमेकांशी बोलतात तेव्हा कोणालाही काही समजावून सांगावं लागत नाही. एक रेल्वे इंजिनांबद्दल बोलतो, दुसरा धरणांतल्या पाणीसाठ्याबद्दल, आळीपाळीनं, आणि दोघं खूश असतात.

म्हणून माझी मागणी अशी. ऑटिस्टिक किशोरांना आपल्या समाजात वावरायला शिकवण्याचा एक मराठी अभ्यासक्रम आपल्या विभागानं हाती घ्यावा, आणि त्याची सुरुवात कुठल्याही पुस्तकाच्या भाषांतरानं करू नये. आधी माणसं पाठवून बघावं. मुंबईच्या चाळीतला आणि सोसायटीतला कट्टा, साताऱ्याचा कट्टा, नंदुरबारच्या आश्रमशाळेतलं मैदान आणि गडचिरोलीतलं वसतिगृह यांचे नियम एक नाहीत. कोकणातल्या घरातला आग्रह वेगळा, विदर्भातला वेगळा. मुलं खरोखर काय बोलतात ते त्यांच्या बोलीत, शिव्यांसकट, टिपून घ्यावं. ज्या समितीकडे हे काम जाईल तिच्यात ऑटिस्टिक तरुण-तरुणी असावेत, नुसते पाहुणे म्हणून नव्हे. काय शिकवायचं आणि काय शिकवायचं नाही, हे ठरवण्यात त्यांचा शब्द चालावा. माझ्या मुलाला नजर भिडवायला शिकवण्यात आम्ही तीन वर्षं घालवली. त्याला विचारलं असतं तर त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं की बघितलं की ऐकू येत नाही.

आणि अर्धा अभ्यासक्रम बाकीच्या मुलांसाठी असावा. शालेय शिक्षण विभागाला बरोबर घेऊन आठवी-नववीच्या वर्गांत तो न्यावा. शेजारी उभ्या असलेल्या मुलाला 'बस की' म्हणायचं असतं, पहिलं 'नको' हे नकोच मानायचं असतं, आडनावावरून कोणाला तोलायचं नसतं. हे सगळ्याच मुलांना शिकवण्यासारखं आहे.

तज्ज्ञ कुठून आणायचे, असं आपण विचाराल. शेजारच्या गोव्याकडे बघा. इंग्लंडमध्ये तयार झालेली एक पद्धत तिथल्या 'संगत' या संस्थेनं आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या सहकाऱ्यांनी मिळून इथल्या घरांशी जुळवून घेतली. ऑटिस्टिक लहानग्यांच्या आईबापांनी मुलांशी खेळताना, बोलताना काय करावं याची ती पद्धत. ती शिकवायला त्यांनी मानसोपचारतज्ज्ञ नेमले नाहीत, स्थानिक कार्यकर्ते तयार केले. दोन्हीकडची मिळून ६५ मुलं होती, २ ते ९ वयोगटातली. २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त त्याचे निष्कर्ष छापून आले. आईबाप आणि मुलं यांच्यातली देवाणघेवाण सुधारली होती. लहान मुलांसाठी हे जमलं, तर किशोरांसाठी का जमू नये? जिल्ह्याच्या गावी एक शिक्षिका, एक कॉलेजातला चुलतभाऊ आणि वहीचं पाठचं पान एवढ्यावर आमचं चाललंय. याला थोडं शिक्षण, थोडं मानधन आणि एक सरकारी आदेश मिळाला तर किती मुलं कट्ट्यापर्यंत पोचतील.

२०१६ च्या कायद्यानं २१ दिव्यांगत्वांत ऑटिझमला जागा दिली. २०२२ मध्ये आपल्या राज्यानं दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग उभा केला, तेव्हा मी पेपरमधलं कात्रण कापून ठेवलं होतं, ते अजून आहे. प्रमाणपत्र, सवलती, परीक्षेतला जादा वेळ, हे सगळं लागतंच आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण माझ्या मुलाचा दिवस परीक्षेत जात नाही. तो क्लाससमोरच्या रस्त्यावर, पंगतीत, एसटीच्या रांगेत आणि गणपतीच्या मांडवात जातो.

आपण किंवा आपल्या विभागातलं कोणी एका रविवारी आमच्या वर्गावर यावं. सकाळी साडेदहाला आम्ही जमतो, साडेबाराला उठतो. यायच्या चार दिवस आधी कळवावं, कारण मुलांना आधीच सांगावं लागतं की कोण येणार, किती वाजता येणार आणि किती वेळ बसणार. आल्यावर कोणाला नाव विचारू नये. पाणीसाठ्याबद्दल विचारावं. आणि बसायला जागा दिसली नाही, तर 'सरक की' म्हणावं.

आपली विश्वासू,
एक आई, सातारा